गव्हाला बायोचार की जादा पाणी?

ऐरोलीचा भाचा, जमीन मुरबाडला, भात काढल्यावर गहू घेतो. विचारतो, मामा, पैसे बायोचारवर, म्हणजे मातीत घालायच्या कोळशावर घालू की पाण्यावर?

यंदाच्या पिकाचं बोलायचं तर पाणीच. एकच पाणी मिळणार असेल तर पेरणीनंतर 40-42 दिवसांनी दे, दोन असतील तर 20-22 आणि 60-65, तीन असतील तर 20-22, 40-42, 60-65. पण पंपाचं डिझेल दरवर्षी जाळायचं आणि जमीन होती तशीच.

बायोचार म्हणजे तूस, काटक्या कमी हवेत जाळून केलेला कोळसा, राख नव्हे हां. एकदा मातीत गेला की वर्षानुवर्षं राहतो, ओल धरतो, आपल्याकडच्या आंबट तांबड्या मातीला तर बराच मानवतो, चोपण (सोडियम साठून घट्ट झालेल्या) किंवा चुनखडीच्या जमिनीत मात्र घालूच नये कारण तो स्वतः अल्कधर्मी. नुसताच टाकलास तर सुरुवातीला नत्र ओढून घेतो आणि गहू पिवळा पडू शकतो, म्हणून आधी शेणखतात मुरव. पाकिटावरचं "दुप्पट उत्पन्न" वगैरे सोडून दे. विकतचा एकरभर परवडत नाही, तूस घरचा असेल तरच.

विहीर मार्चपर्यंत टिकते, जमीन भारी आहे, तर पाणी. माती हलकी, पाणी दोनदाच, तूस फुकट, तर आधी एका गुंठ्यात बायोचार, पण ती दोन पाणी चुकवू नको.