जॅझ गिटारसाठी तारा आणि ॲम्प: गडदपणा कुठे ठेवायचा?

जॅझचा तो गोलसर, ऊबदार आवाज हवा असला की बरेच जण दोन गोष्टी एकदमच करतात. गिटारवर फ्लॅटवाउंड तारा चढवतात आणि ॲम्पवरचा ट्रेबल तळाला नेतात. खोलीत एकट्याने वाजवताना ते झकास लागतं. बास आणि ड्रम्स सोबतीला आले की मात्र आवाज चिखलात रुततो आणि कॉर्डच्या पोटातले सूर हरवतात. माझं ठाम मत आहे की गडदपणा एकाच ठिकाणी ठेवावा, तारांमध्ये किंवा ॲम्पमध्ये. आधी तारा ठरवाव्यात आणि त्यांना पाहून ॲम्प निवडावा, कारण तारांचा संबंध थेट तुमच्या बोटांशी आहे.

फ्लॅटवाउंडमध्ये गाभ्याच्या तारेवर चपटी पट्टी गुंडाळलेली असते, राउंडवाउंडमध्ये गोल तार. चपट्या पृष्ठभागावरून बोट सरकताना चर्र असा आवाज जवळजवळ येत नाही, फ्रेट कमी झिजतात आणि वरचे हार्मोनिक्स (मूळ सुरासोबत उमटणारे उपसूर) दबलेले असल्याने सूर ठोस उमटतो, पण लवकर ओसरतो. वॉकिंग बास (ठोक्याठोक्याला चालत जाणारी खालच्या सुरांची ओळ) आणि कॉर्ड एकत्र वाजवणाऱ्याला हे ओसरणं वरदानच आहे, कारण एक कॉर्ड पुढच्या कॉर्डच्या अंगावर येत नाही. राउंडवाउंडमध्ये सूर जास्त टिकतो, खणखणीतपणा असतो आणि पिकचा प्रत्येक बारकावा कळतो. लांब, गाणाऱ्या सुरावटी, बेंडिंग, थोडं फ्यूजन असं सगळं एकाच गिटारवर करायचं असेल तर राउंडवाउंडच घ्या. नव्या राउंडवाउंडची चमक वाजवता वाजवता काही आठवड्यांत उतरते. फ्लॅटवाउंडला सुरुवातीला फारशी चमक नसतेच, त्यामुळे त्या महिनोन्‌महिने जवळपास तशाच वाजतात. हाफराउंड म्हणजे गोल गुंडाळून वरून घासलेली तार. ती दोन्हींच्या मधली आहे, आणि गुळगुळीतपणा हवा पण चमक सोडवत नसेल तर ठीक आहे.

इथे एक गोष्ट नेहमी विसरली जाते. फ्लॅटवाउंडच्या सेटमध्येही पहिल्या दोन तारा साध्या पोलादीच असतात, राउंडवाउंडच्या सेटमधल्यासारख्याच. म्हणजे तुमची तक्रार ‘वरचे सूर पातळ आणि टोचरे लागतात’ अशी असेल, तर गुंडाळणी बदलून काही साधणार नाही. तिथे जाडी बदलावी लागते. दहाच्या सेटवरून बाराच्या सेटवर गेलात की पहिल्या तारेची जाडी ०.०१० इंचावरून ०.०१२ इंच होते आणि सूर लगेच भरदार होतो. जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरीचा मांसल आवाज आठवतो तेव्हा त्याचा अंगठा, त्याची गिब्सन एल-५ गिटार आणि जाड फ्लॅटवाउंड तारा ही तिन्ही एकत्र आठवावीत. पॅट मार्टिनो तर त्याहूनही जाड तारा वापरायचा. पण म्हणून थेट तेराच्या किंवा चौदाच्या सेटवर उडी मारू नका. डाव्या हाताला ताण आला की वाजवणं आखडतं, आणि आखडलेलं वाजवणं कुठलीच तार लपवू शकत नाही. बहुतेकांना अकरा किंवा बारा पुरे होतात.

मेकमेकमध्येही फरक आहे. डॅडारिओ क्रोम्स या स्टेनलेस स्टीलच्या फ्लॅटवाउंड तारा जरा ताठ आणि फ्लॅटवाउंडच्या मानाने उजळ आहेत. थॉमास्टिक-इन्फेल्डच्या जॅझ स्विंग निकेलच्या आणि बोटांना मऊ लागतात. पहिल्यांदाच फ्लॅटवाउंड घेणाऱ्याला मी थॉमास्टिक सुचवेन, कारण त्यात जाडी मिळते आणि हात दुखत नाही. ॲकूस्टिकच्या ब्राँझ तारा चुंबकीय पिकअपच्या (तारांची थरथर विजेत बदलणाऱ्या भागाच्या) गिटारवर लावू नका. गुंडाळलेल्या तारा दबतात आणि साध्या तारा अंगावर येतात.

जॅझच्या सेटमध्ये तिसरी तारही गुंडाळलेली असते, आणि ती तशीच असावी. जाड साधी तार फ्रेटवर वरच्या बाजूला बेसूर होत जाते, कॉर्डमध्ये ते लगेच कानाला लागतं. बेंडिंग मात्र अवघड होतं. आर्चटॉपच्या (कमानदार वरच्या फळीच्या पोकळ गिटारच्या) लाकडी ब्रिजकडे, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या घोडीकडे, नीट पाहा: कडेला पायऱ्या कोरलेल्या असतात. पहिल्या तारेपासून मागे मागे जाणारी पायरी तिसऱ्या तारेवर पुन्हा पुढे येत असेल तर तो ब्रिज गुंडाळलेल्या तिसऱ्या तारेसाठी केलेला आहे. चौथ्या तारेवर येत असेल तर साध्या तिसऱ्या तारेसाठी. तो ब्रिज केवळ तारांच्या दाबावर उभा असतो, म्हणून तारा एकेक करून बदला. जाडी वाढवली की नटच्या (मानेच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचा आणि ट्रस रॉड (मानेतली ताण पेलणारी सळई) तपासून घ्यावे लागतात.

आता ॲम्प. जॅझसाठी खरा प्रश्न हेडरूमचा आहे, म्हणजे आवाज फाटायच्या आधी किती वर नेता येतो. फेंडर डिलक्स रिव्हर्ब २२ वॅटचा, ट्विन रिव्हर्ब ८५ वॅटचा. आकडा जवळपास चौपट आहे, पण त्यातून जेमतेम ६ डेसिबल वाढतात, आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण १० लागतात. दुसऱ्या स्पीकरमुळे ट्विनमध्ये थोडी भर पडते एवढंच. त्यासाठी तुम्ही तीसेक किलोचं ओझं उचलणार आहात. त्रिकूट, छोटी जागा, संयमी ड्रमर असेल तर डिलक्स पुरतो. जोरात वाजवलं की तो किंचित दबतो, आणि हम्बकरला (दोन कॉइलच्या पिकअपला) तो दाब फार शोभतो. या फेंडर ॲम्पमध्ये मधल्या सुरांचा पट्टा, म्हणजे मिड, मुळातच खोलगट असतो. म्हणून बास २ ते ३ वर ठेवा, ट्रेबलही खाली घ्या, आणि ट्विनवर मिड वर न्या. डिलक्सवर मिडचं बटण नसतं, तिथे बास कमी करणं हाच उपाय.

सॉलिड-स्टेटला, म्हणजे व्हॉल्व्हऐवजी ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या ॲम्पला, जॅझवाल्यांनी फारसं नाक मुरडलं नाही. गिटारवादक जो पास पॉलिटोनचा ॲम्प वापरायचा, आणि १९७५ चा रोलँड जेसी-१२० आजही स्वच्छ आवाजाचं माप मानला जातो. तो सरळ, जरा थंड आहे आणि व्हॉल्व्हसारखा दबत नाही. कॉर्डमधला प्रत्येक सूर वेगळा ऐकू येतो, आणि हातातली चूकही. उलट बाजूला गिटारवादक जिम हॉलचा गिब्सन जीए-५० ॲम्प, व्हॉल्व्हचा आणि मवाळ. छोटे, हलके, एकाच १० इंची स्पीकरचे आधुनिक सॉलिड-स्टेट जॅझ ॲम्प ज्यांना गिटारसकट सगळं स्वतः वाहून न्यायचं असतं त्यांच्यासाठी उत्तम. १२ इंचीचा भरीवपणा त्यांच्यात थोडा कमी असतो.

पोकळ गिटार असेल तर आणखी एक अडचण: ॲम्पचा आवाज वरच्या फळीला थरथरवतो आणि फिडबॅक, म्हणजे आपोआप वाढत जाणारा घूं असा आवाज, सुरू होतो. ॲम्प मोठा घेऊन हे सुटत नाही. ॲम्पपासून बाजूला सरका, बास उतरवा, एफ-होल (वरच्या फळीतली f च्या आकाराची भोकं) झाका.

जोडी लावायची तर, हॉलोबॉडी (पोकळ गिटार), फ्लॅटवाउंड आणि हम्बकर असतील तर उजळ, स्वच्छ ॲम्प घ्या: फेंडर किंवा रोलँड. टेलिकास्टरवर (फेंडरच्या भरीव लाकडाच्या गिटारवर) राउंडवाउंड असतील तर मवाळ ॲम्प किंवा गिटारचाच टोन नॉब खाली. जॅझ गिटारवादक एड बिकर्टने टेलिकास्टरवर वाजवलेल्या कॉर्ड ऐकल्या की आर्चटॉपवाचून जॅझ नाही हा समज गळून पडतो.

ॲम्प पाहायला जाताना स्वतःची गिटार न्या, आणि तुमच्या निवडीच्या तारा चढवून किमान आठवडाभर वाजवल्यानंतरच जा. आधी खालच्या चार तारांवर एखादा रूटलेस (मूळ सूर वगळलेला) कॉर्ड वाजवून सगळे सूर वेगळे कळतात का पहा. मग दुसऱ्या तारेवर बाराव्या फ्रेटजवळ एक ओळ वाजवा. ती पातळ वाटली तर ॲम्प नाकारण्याआधी पिक जाड घेऊन पुन्हा तीच ओळ वाजवून बघा.