पॅरिसचं कार्नावाले संग्रहालय: राज्यक्रांतीची दालनं कशी पाहावीत

फ्रेंच राज्यक्रांती का पेटली हे प्रत्यक्ष वस्तूंसमोर उभं राहून समजून घ्यायचं असेल, तर पॅरिसमधलं कार्नावाले पाहायलाच हवं. कायमस्वरूपी संग्रहाला तिकीट नाही. सोमवारी बंद. मेट्रोने सँ-पोल स्थानकावर उतरायचं. शहराचा इतिहास तळघरात प्रागैतिहासिक काळापासून सुरू होतो आणि क्रांती आहे थेट दुसऱ्या मजल्यावर. क्रमाने गेलात तर तिथे पोचेपर्यंत पाय बोलायला लागतात. म्हणून आधी वर जा, बाकीचं नंतर.

वर गेल्यावरही बास्तील या तुरुंग-किल्ल्याच्या दालनाकडे धावू नका. पहिल्यांदा ल बार्बिएने रंगवलेला मानवी हक्कांचा जाहीरनामा शोधा. दोन उभ्या शिलाफलकांवर 17 कलमं, वर त्रिकोणातला डोळा, डावीकडे तुटलेली बेडी हाती घेतलेली फ्रान्सरूपी स्त्री. तिच्या डोक्यावरचा मुकुट नीट पाहा. ऑगस्ट 1789 मध्ये राजा कुणाला नकोसा झालेला नव्हता. नकोशी झाली होती ती त्याची अनिर्बंध सत्ता.

ही कलमं उलटी वाचायची, म्हणजे प्रत्येक कलम कोणत्या दुखण्यावरचं औषध आहे ते बघायचं. कलम 3 म्हणतं, सार्वभौमत्व राष्ट्राचं. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी, नोव्हेंबर 1787 मध्ये, कर्जाच्या फर्मानाला विरोध झाला तेव्हा राजा सोळाव्या लुईने भर सभेत सांगितलं होतं की हे कायदेशीर आहे, कारण माझी तशी इच्छा आहे. कलम 7 मनमानी अटकेविरुद्ध आहे. राजाच्या नुसत्या मोहरबंद पत्रावर माणूस विनाचौकशी तुरुंगात जात असे. कलम 6 पदं गुणवत्तेवर देतं, कारण 1781 च्या हुकुमाने बहुतेक लष्करी अधिकारपदांसाठी चार पिढ्यांची सरदारकी लागत होती. आणि कलम 13 म्हणतं, कर ऐपतीप्रमाणे. सगळ्या भानगडीचं मूळ इथे आहे. ‘ताय’ हा मुख्य कर सरदार आणि धर्मगुरू जवळपास भरतच नसत. अर्थमंत्री कालोनने 1787 मध्ये सर्वांवर जमीनकर सुचवला, तो प्रतिष्ठितांच्या, म्हणजे मुख्यतः सरदार-धर्मगुरूंच्या, सभेने अडवला. ऑगस्ट 1788 मध्ये तिजोरीने हात वर केले आणि 1614 नंतर पहिल्यांदा इस्टेट्स जनरल, म्हणजे धर्मगुरू, सरदार आणि सामान्य जनता यांच्या प्रतिनिधींची सभा, बोलवावी लागली.

या संग्रहालयाची मर्यादा त्याच्या विषयातच आहे. ते पॅरिसचं आहे, खेड्यांचं नाही. मिठावरचा ‘गाबेल’ कर, अनेक प्रांतांत ठरावीक मीठ विकत घ्यायची सक्ती, चर्चचा दशमांश, 13 जुलै 1788 ला उभं पीक झोडपणारी गारपीट, हे सगळं डोक्यात घेऊनच यावं लागतं. भाकरीचा हिशेबही. चार पौंड वजनाचा पाव एरवी 8-9 सूंना (सू म्हणजे तेव्हाचं फ्रेंच नाणं) मिळायचा, तो फेब्रुवारी 1789 मध्ये साडेचौदा सूंवर गेला. मजुराची रोजची कमाई 20 ते 30 सू. घरभाडं, सरपण, कपडे कशातून भागवायचे? एवढं माहीत नसेल, तर पुढची चित्रं नुसती दंगलीची वाटतात.

मग बास्तील बघा. किल्ला पाडणारा कंत्राटदार पालोआ याने त्याच्याच दगडांतून प्रतिकृती घडवून साऱ्या देशात पाठवल्या, त्यांतली एक इथे आहे. 14 जुलै 1789 ला जमावाने किल्ला घेतला तेव्हा आत कैदी होते फक्त 7. तो आला होता बंदुकीच्या दारूसाठी. ह्युबेर रोबेरचं पाडकामाचं चित्रही चुकवू नका. अवाढव्य भिंतीपुढे माणसं किती इवलीशी दिसतात!

पुढे पॅरिसच्या टेम्पल या जुन्या गढीत कैदेत ठेवलेल्या राजघराण्याच्या वस्तूंपुढे गर्दी रेंगाळते. त्या हेलावून टाकतात हे खरं, पण त्या परिणामाची गोष्ट सांगतात, कारणाची नाही, म्हणून शेवटी ठेवा. या एका मजल्याला दीड तास लागतो. संग्रहालय 6 वाजता बंद होतं, तेव्हा उशिरात उशिरा 4 पर्यंत आत शिरा.