मायस्थेनिया आणि बाळंतपणानंतरचे संयुक्त बाह्यरुग्ण केंद्र : एका रुग्णाचे परीक्षण

मायस्थेनिया ग्रेव्हिसमध्ये शरीराचीच प्रतिपिंडे नस आणि स्नायू यांच्यामधला संदेश अडवतात, आणि प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हा आजार पुन्हा उसळण्याची शक्यता अधिक असते. मी ज्या केंद्राची सेवा घेतली, तेथे न्यूरॉलॉजिस्ट आणि प्रसूतितज्ज्ञ एकाच खोलीत बसून रुग्ण पाहतात. एकाचे म्हणणे दुसऱ्याला सांगण्याचे काम त्यामुळे बाळंतिणीवर पडत नाही, आणि माझ्या मते या सेवेचे खरे मोल यातच आहे.

गोळ्यांचे वेळापत्रक तेथील परिचारिकेने ज्या बारकाईने आखले, त्याचे विशेष कौतुक वाटते. नस आणि स्नायूंमधला संदेश बळकट करणाऱ्या पायरिडोस्टिग्मीन या गोळीचा परिणाम साधारण अर्ध्या-पाऊण तासात जाणवू लागतो आणि 3 ते 4 तास टिकतो. म्हणून बाळाला पाजण्याच्या वेळी हातांत बळ असेल अशा बेताने तिने प्रत्येक गोळीची वेळ ठरवली, आणि रात्रीची एक पाळी घरातल्या दुसऱ्या कोणी उचलावी हे नातेवाइकांना समोर बसवून सांगितले. हे औषध दुधात अत्यल्प उतरते, प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू असतानाही पाजता येते, पण प्रतिकारशक्ती दाबणारे मायकोफेनोलेट घेताना पाजू नये, हे कोणतीही भीती न घालता समजावले गेले. आईची प्रतिपिंडे बाळापर्यंत पोहोचत असल्याने काही नवजात बाळांना तात्पुरता अशक्तपणा येतो. म्हणून सुरुवातीचे काही दिवस बाळाच्या चोखण्यावर, रडण्यावर आणि श्वासावर बालरोगतज्ज्ञांनी लक्ष ठेवले.

रात्रीची दूरध्वनी सेवा मात्र कच्ची आहे. स्तनाला सूज येऊन ताप चढला, तेव्हा फोनवरील डॉक्टरांनी अझिथ्रोमायसीन हे प्रतिजैविक सुचवले. या आजारात टाळायच्या औषधांचे केंद्रानेच दिलेले कार्ड वाचून दाखवल्यावर त्यांनी ते बदलले. (त्याच कार्डावर मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे गरोदरपणातील झटके रोखण्यासाठी देतात ते औषध, सर्वांत वर, ठळक अक्षरांत आहे, हे योग्यच.) गिळताना ठसका लागणे, आडवे झाल्यावर धाप लागणे किंवा एका श्वासात मोजता येणारे आकडे कमी होत जाणे, यांपैकी काहीही दिसले तर फोनवर विसंबून न राहता थेट आपत्कालीन विभाग गाठावा.

मस्क (MuSK) या स्नायूंवरील प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे असलेल्या रुग्णांविषयी माहितीपत्रकात फारच थोडा मजकूर आहे. पायरिडोस्टिग्मीन त्यांना अनेकदा कमी मानवते, तेव्हा त्यांनी पहिल्याच भेटीत औषधांसाठी स्वतंत्र वेळ मागून घ्यावी.