ओतीव व्हाइट मेटल की कोरीव पितळ? वाफेच्या इंजिनाच्या मॉडेलसाठी किट निवडताना

रेल्वेच्या वाफेच्या इंजिनाचे मॉडेल धातूच्या किटमधून घडवायचे ठरवले की पहिली निवड धातूची करावी लागते. एका प्रकारात व्हाइट मेटलचे, म्हणजे मुख्यतः कथिल आणि शिसे यांच्या मिश्रधातूचे ओतीव भाग मिळतात. दुसऱ्या प्रकारात पितळ किंवा निकेल सिल्व्हर (तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू) यांचे पातळ पत्रे मिळतात. त्यांवर रसायनाने कोरलेले भाग कापून, वाकवून आणि जोडून इंजिन उभे करायचे असते. नवशिक्याने व्हाइट मेटलपासून सुरुवात करावी, असे सर्रास सांगितले जाते. मला हा सल्ला अर्धाच पटतो.

ओतीव भागांना आकार आधीच आलेला असतो. कडांवर राहिलेले धातूचे पापुद्रे कानशीने काढले की भाग इपॉक्सीनेही जोडता येतात. सोल्डर करायचे असेल तर सुमारे 70 अंश सेल्सिअसला वितळणारे सोल्डर आणि तापमान कमी-जास्त करता येणारे सोल्डरिंग आयर्न हवे, कारण नेहमीच्या आयर्नचे टोक 300 अंशांच्या पुढे तापते आणि ते क्षणभर जास्त टेकले तरी केबिनचा कोपरा वितळून जातो. तो कोपरा मग परत मिळत नाही. जोड नुसता वाकडा बसला असेल तर उकळते पाणी पुरते. सोल्डर सुटते आणि भाग शाबूत राहतात. या सोल्डरमध्ये शिसे आणि अनेकदा कॅडमियमही असते, त्यामुळे काम करताना खोलीत हवा खेळती असावी आणि नंतर हात स्वच्छ धुवावेत.

पितळेचे काम दिसते तितके बिकट नाही. चुकलेला जोड पुन्हा तापवला की सुटतो आणि पत्र्याला काही होत नाही. घडीच्या जागी पत्रा अर्ध्या जाडीपर्यंत कोरलेला असतो. ती रेघ बहुधा आतल्या बाजूला ठेवून एकदाच, निश्चयाने वाकवावी, कारण पुन्हा पुन्हा उघडमीट केल्यास पत्रा तिथेच तुटतो. रिव्हेटसाठी मागच्या बाजूला बारीक खळगे असतात. त्यांत टोकदार पंच दाबला की पुढच्या बाजूला रिव्हेटची डोकी उमटतात. हे सारे वेळखाऊ आहे, पण दिसण्यात जो फरक पडतो तो इथेच. 1:76 या प्रमाणात 1 मिलिमीटर जाडीची ओतीव भिंत म्हणजे खऱ्या इंजिनावर 76 मिलिमीटरचा पत्रा झाला, तर 0.3 मिलिमीटरचा कोरीव पत्रा 23 मिलिमीटरच्या आसपास भरतो. केबिनच्या खिडकीच्या कडेकडे पाहताच ही तफावत जाणवते.

वजनाच्या बाबतीत व्हाइट मेटल सरस आहे. जड इंजिनाची चाके घसरत नाहीत आणि ते अधिक डबे ओढते. पितळी बॉयलरमध्ये शिसे भरावे लागते, मात्र शिशाच्या गोळ्या पीव्हीए या पांढऱ्या गोंदाने कधीही चिकटवू नयेत. काही वर्षांनी ते मिश्रण फुगून बॉयलरच फाटतो. इपॉक्सी वापरावे.

तरीही माझ्या मते खरा निर्णय बॉडीवरून नव्हे, चासीवरून, म्हणजे चाके आणि आस धरणाऱ्या खालच्या सांगाड्यावरून घ्यावा. कपलिंग रॉडच्या (चाकांना एकमेकांशी जोडणाऱ्या दांड्याच्या) छिद्रांमधील अंतर आणि आसांमधील अंतर तंतोतंत जुळले नाही, तर कितीही देखणे इंजिन अडखळत चालते. एका बाजूचे क्रँक (चाकांवरचे, हा दांडा जिथे जोडतात ते भाग) दुसऱ्या बाजूच्या क्रँकशी 90 अंशांत असावे लागतात. त्यात किंचित फरक चालतो, पण तो सर्व आसांवर सारखाच असायला हवा. ओतीव चासीत या गोष्टी नंतर दुरुस्त करणे अवघड जाते. कोरीव चासीत आसांचे बेअरिंग प्रत्यक्ष कपलिंग रॉडच्या मापाने बसवता येतात, शिवाय आसांना वर-खाली हलण्याची सोय केल्यास सर्व चाके रुळाला टेकलेली राहतात. चासीसाठी पितळेपेक्षा निकेल सिल्व्हर बरे: ते अधिक ताठ असते आणि उष्णता कमी वाहून नेत असल्याने सोल्डर हवे तिथेच लवकर पसरते.

म्हणून पहिल्या कामासाठी आतल्या सिलिंडरचे (ज्याचे सिलिंडर बाहेर न दिसता चौकटीच्या आत असतात असे), सहा चाकांचे लहान टँक इंजिन, म्हणजे पाण्याची टाकी स्वतःवरच असलेले इंजिन निवडावे आणि त्याची चासी कोरीवच घ्यावी. बॉडी ओतीव असली तरी चालेल. बाहेरून वाल्शार्ट्स व्हॉल्व्ह गिअर (सिलिंडरमध्ये वाफ सोडण्याचे नियंत्रण करणारी दांड्यांची यंत्रणा) दिसणारे मोठे एक्सप्रेस इंजिन करायचे असेल, तर तो बारीक पसारा कोरीव किटमध्येच शोभतो आणि त्यासाठी हात बसेपर्यंत थांबलेले बरे.

जुने व्हाइट मेटलचे इंजिन हाताशी असेल तर नवे किट घेण्याआधी त्यालाच सुधारावे. आधी चासी बदलावी, मग केबिनचे जाड छप्पर काढून पितळी पत्र्याचे बसवावे, त्यानंतर ओतीव हँडरेलच्या जागी तार लावावी. पितळ व्हाइट मेटलला जोडताना 70 अंशांचे सोल्डर पितळेला धरत नाही, म्हणून पितळी भागावर आधी नेहमीच्या सोल्डरचा पातळ थर चढवून घ्यावा लागतो.