क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल 18.5 एससी : पेटंट संपल्यानंतरची बाटली

गेले दोन हंगाम तुरीवरील शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी मी कोराजनऐवजी (क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल हा घटक असलेले मूळ कंपनीचे कीटकनाशक) त्याच घटकाचे दुसऱ्या कंपनीचे 18.5 एससी (पाण्यात मिसळायचे द्रवरूप) कीटकनाशक वापरत आहे. 10 लिटर पाण्याला 3 मिली या प्रमाणात फवारल्यावर अळी लगेच मरून पडत नाही. तिचे खाणे थांबते, अंग आखडते आणि दोन-तीन दिवसांनी ती मेलेली दिसते. गुणात मला काहीच फरक आढळला नाही. किमतीत मात्र चांगलाच फरक आहे, आणि तो पेटंट कायद्यामुळे पडला आहे.

या रसायनावरील भारतीय पेटंट ऑगस्ट 2022 मध्ये संपले. आपल्याकडे पेटंटची 20 वर्षे अर्जाच्या तारखेपासून मोजतात, आणि विषारीपणाच्या व परिणामकारकतेच्या चाचण्या करून फरिदाबादच्या केंद्रीय नोंदणी समितीकडून नोंदणी मिळेपर्यंत जी वर्षे खर्ची पडतात, ती कंपनीला भरून मिळत नाहीत. युरोपीय संघात 1997 पासून ती काही अंशी भरून मिळतात : पेटंटच्या अर्जापासून पहिल्या विक्री परवान्यापर्यंतच्या काळातून 5 वर्षे वजा करतात आणि उरलेला काळ, जास्तीत जास्त 5 वर्षे, पुढे जोडून देतात, मात्र त्यासाठी कंपनीला साधारणपणे परवान्यानंतर 6 महिन्यांच्या आत मागणी करावी लागते. जपानमध्येही 5 वर्षांपर्यंत मुदतवाढ आहे. अमेरिकेने ती माणसांच्या व जनावरांच्या औषधांना दिली, पण कीटकनाशकांना दिली नाही, हे जरा नवलच. चाचण्यांत पेटंटची वर्षे वाया जातात ही मूळ कंपन्यांची तक्रार मला अगदीच खोटी वाटत नाही; तरीही तशी सवलत येथे असती, तर हा भाव मला आज कदाचित मिळाला नसता.

नव्या कंपनीला कीटकनाशक कायद्याच्या कलम 9(4) खाली, आधीच्या नोंदणीच्याच अटींवर नोंदणी मिळते, त्यामुळे स्वस्त बाटली म्हणजे बिननोंदणीचा माल, ही गावातली समजूत चुकीची आहे. लेबलवरील नोंदणी क्रमांक पाहावा आणि पक्के बिल घ्यावे.

माझी नाराजी वेष्टनाबद्दल आहे. एका बाटलीचे सील सैल निघाले आणि खोक्याला ओल आली होती; दुकानदाराने ती बिल पाहून बदलून दिली. माहितीपत्रकातील मराठी मजकूर तर इतका बारीक आहे की फवारणीनंतर तोडणीपर्यंत किती दिवस थांबायचे, हे मला मुलाकडून वाचून घ्यावे लागले. औषधाला पाचपैकी साडेचार, वेष्टनाला दोन.