एलेव्हेशनच्या नावाखाली फसवणूक : गोव्यात घर बांधू पाहणाऱ्यांसाठी

फोंडा तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित जागेत घर बांधण्याचे ठरल्यावर ज्या डिझायनरकडे आम्ही काम सोपवले, त्याने पैसे घेतले, दुसऱ्यांच्या घरांची चित्रे आमच्या घराची म्हणून दाखवली आणि परवानगीच्या खोट्या कागदांवर आम्हाला कित्येक महिने झुलवत ठेवले. त्याचे नाव येथे लिहीत नाही, कारण प्रकरण अजून चौकशीत आहे. मात्र त्याने वापरलेली पद्धत इतकी सरावलेली होती की आमच्याआधीही तिचा वापर झाला असणार आणि पुढेही होईल, अशी माझी खात्री आहे.

या पद्धतीचा पाया म्हणजे निवडीचे भरपूर पर्याय. पहिल्याच बैठकीत त्याने टॅबवर घराच्या दर्शनी भागाची, म्हणजे एलेव्हेशनची, रंगीत थ्रीडी चित्रे मांडली. एक सपाट गच्चीचे चौकोनी घर होते, एक उतरत्या छपराचे आणि एक जुन्या गोमंतकीय धाटणीचे, पुढे बाल्कांव, म्हणजे बसायच्या बाकांचा दर्शनी ओटा, असलेले. "वहिनी, तुम्ही फक्त मनासारखे एलेव्हेशन निवडा, नकाशाचं माझ्यावर सोडा," असे तो माझ्या पत्नीला वारंवार सांगत असे. घराची स्वप्ने पाहणाऱ्या माणसांना याहून आनंदाचे काम कोणते असणार? रेलिंग काचेचे की लोखंडी, भिंतीतले जांभ्याचे चिरे उघडे ठेवायचे की गिलावा करायचा, खिडक्यांच्या चौकटी काळ्या की पांढऱ्या, यांवर आमच्याकडे रात्री उशिरापर्यंत चर्चा चाले. प्रत्येक बदलाचे वेगळे शुल्क होते, आणि एखादा पर्याय पसंत पडला की तो 'लॉक' करण्यासाठी आणखी रक्कम मागितली जाई. या गडबडीत जागेची मोजणी झालेलीच नाही, हे त्याने शिताफीने झाकून ठेवले.

चित्रे आमच्या घराची नव्हती, हे एका लहानशा गोष्टीवरून उघड झाले. पसंत केलेले चित्र भिंतीवर लावण्यासाठी मोठ्या आकारात छापून घेतले, तेव्हा अंगणात उभ्या असलेल्या गाडीच्या नंबरपाटीवरची अक्षरे उलटी दिसली. आमचा रस्ता जागेच्या उजव्या अंगाला आहे आणि मूळ चित्रातला डावीकडे होता, म्हणून त्याने ते चित्र आरशातल्यासारखे उलटवून आम्हाला दिले होते. मग बारकाईने पाहिले तर मागचे डोंगर, शेजारची इमारत, झाडे यांतले काहीही आमच्या गावचे नव्हते. घर त्याने कुठून तरी तयार उचललेले होते.

त्यानंतर आतल्या मांडणीचा नकाशा आम्ही एका अनुभवी कंत्राटदाराला दाखवला, आणि त्याने पहिल्याच नजरेत जिन्यावर बोट ठेवले. खालच्या आणि वरच्या मजल्यात साडेदहा फुटांचे अंतर दाखवले होते आणि जिन्याला केवळ अकरा पायऱ्या होत्या, म्हणजे एकेक पायरी सुमारे साडेअकरा इंच उंच. वृद्ध माणसांना सोडाच, धडधाकट माणसालाही असा जिना रोज चढता येणार नाही. सात इंचांच्या पायरीने तेवढ्या उंचीसाठी अठरा पायऱ्या लागतात आणि त्यांना जागाही तशी द्यावी लागते. ती दिली असती तर दिवाणखाना चित्रात दाखवला तेवढा मोठा राहिलाच नसता. शिवाय आमच्या सर्व्हे प्लॅनमध्ये, म्हणजे जमिनीच्या सरकारी मोजणी नकाशात, उत्तरेची हद्द तिरकी असताना नकाशात जमीन सरळ आयताकृती होती, त्यामुळे घराचा एक कोपरा शेजाऱ्यांच्या पायवाटेवर जात होता. मला सर्वांत जास्त संताप आला तो विहिरीबाबत. नकाशात आमची विहीर दाखवलीच नव्हती आणि सेप्टिक टँकचा सोकपिट, म्हणजे मैलापाणी जमिनीत मुरवणारा खड्डा, नेमका तिच्या शेजारी आखला होता. आपल्याकडचा जांभा दगड सच्छिद्र असतो, त्यातून मैलापाणी झिरपत थेट पिण्याच्या पाण्यात आले असते.

दर्शनी भागाचा विचारही गोव्याच्या हवामानाचा नव्हता. येथे वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि नैऋत्येकडून येणाऱ्या झडीला भिंती तोंड देतात. जुन्या घरांना मंगळुरी कौलांचे चांगले उतरते छप्पर, भिंतीपासून बरीच पुढे आलेली वळचण, उंच जोते आणि पडवी असे, ते सगळे या पावसासाठीच. त्याने सुचवलेल्या पर्यायात छज्जे नव्हते आणि पावसाच्या तोंडाची भिंत संपूर्ण काचेची होती. उघडे चिरे दिसायला सुंदर असतात, पण वर आडोसा नसेल तर ते पाणी शोषतात आणि आतला गिलावा फुगतो. एलेव्हेशन निवडताना कोणी अशी चित्रे पुढे ठेवली, तर 'वळचण किती इंच पुढे आहे आणि पाऊस कोणत्या भिंतीवर येतो' हा प्रश्न आधी विचारावा. जो खरा वास्तुविशारद असतो, त्याच्याकडे उत्तर तयार असते.

पैशांचा मोठा भाग गेला तो परवानगीच्या नावाखाली. गोव्यात घर बांधण्यासाठी जमीन निवासी झोनमध्ये आहे की नाही ते पाहावे लागते, गोवा भूमहसूल संहिता 1968 च्या कलम 32 खालची, शेतजमिनीचा बिगरशेती वापर करू देणारी रूपांतर सनद लागते, नगरनियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी लागते आणि त्यानंतर पंचायतीचा बांधकाम परवाना. ही नावे त्याला तोंडपाठ होती. 'पायाभूत सुविधा कर', 'फाइल चार्ज' अशा शीर्षकांखाली त्याने रोख आणि यूपीआयने रकमा घेतल्या, पण एकाही रकमेची सरकारी पावती दिली नाही. नगरनियोजन खात्याकडे अर्ज दिल्याचा म्हणून आवक क्रमांक असलेल्या कागदाचा फोटो पाठवला. कार्यालयात जाऊन नोंदवही पाहिली तेव्हा तो क्रमांक भलत्याच माणसाच्या अर्जाचा निघाला. सरकारी शुल्काची पावती किंवा चलान मिळतेच, त्यामुळे "नंतर देतो" हे उत्तर कोणाकडूनही मान्य करू नये.

नकाशावरच्या शिक्क्यात नोंदणी क्रमांक होता. वास्तुविशारदांची नोंदणी ठेवणाऱ्या कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या संकेतस्थळावर शोध घेतल्यावर तो क्रमांक दुसऱ्या राज्यातील, वेगळ्याच नावाच्या वास्तुविशारदाचा असल्याचे दिसले. वास्तुविशारद कायदा 1972 नुसार नोंदणी नसलेल्याला स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही, आणि हा शोध कोणालाही विनामूल्य घेता येतो. 'डिझायनर' किंवा 'कन्सल्टंट' म्हणवणाऱ्यांना मात्र ती अडचण नसते. त्यांच्याकडे काम द्यायचे असेल, तर नकाशावर सही कोण करणार आणि त्या व्यक्तीला आपण भेटू शकतो का, हे आधीच विचारावे. आम्ही नव्याने ज्या वास्तुविशारदाकडे गेलो, तिने पहिल्या भेटीत एकही चित्र दाखवले नाही. एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा उतारा) आणि सर्व्हे प्लॅन मागितला, फीता घेऊन जागेवर आली, विहीर, पायवाट आणि आंब्याचे झाड नोंदवले, आणि मग हाताने काढलेले दोन पर्याय पुढे ठेवले. त्यांतल्या कोणत्याही पर्यायात सोकपिट विहिरीजवळ नव्हता.

आम्ही पोलिसांत फसवणुकीची तक्रार दिली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडेही अर्ज केला आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार अशी तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क भरावे लागत नाही. त्या माणसाने पैसे मागणारे आपले बहुतेक संदेश नंतर पुसून टाकले. त्यांचे स्क्रीनशॉट माझ्या पत्नीने वेळोवेळी काढून ठेवले होते, आणि तपास अधिकाऱ्यांनी बँकेच्या उताऱ्याबरोबर सर्वांत आधी तेच मागून घेतले.