एक दिवस, एक आठवडा की थेट वर्कशॉप? हातकाम आजमावण्याच्या तीन वाटा

शाळा संपत आली, हातानं करायचं काम खुणावतंय, पण नेमकं कोणतं ते कळत नाही. अशा मुलामुलींपुढे साधारण तीन वाटा असतात: एका दिवसात चार-पाच कामांची ओळख करून देणारी कार्यशाळा, एकाच कामाची पाच-सहा दिवसांची कार्यशाळा, किंवा चालू वर्कशॉपमध्ये कारागिरांसोबत काही दिवस राहणं. मी वेल्डिंग आणि सुतारकाम शिकवतो. पहिल्या दोन्ही प्रकारांत शिकवून झालंय आणि माझा कल दुसऱ्याकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो.

एका दिवसाच्या कार्यशाळेत सकाळी सोल्डरिंग, मग थोडं सुतारकाम, दुपारी जिन्याचा दिवा वर-खाली दोन्ही बटणांनी लागेल अशी वायरिंग. मजा येते, सगळं जमतंही. जमतं कारण लाकूड आधीच रंधून ठेवलेलं असतं, मापं आखलेली असतात, वेल्डिंग मशीनचा करंट आम्ही लावून दिलेला असतो. प्रत्यक्ष कामात कारागिराचा बराचसा वेळ या तयारीतच जातो आणि नेमका तोच भाग इथे गाळलेला असतो. म्हणून त्या दिवसाच्या ‘आवडलं’वर मी फारसा विसंबत नाही. ‘नाही आवडलं’ मात्र खरं धरावं. आर्कची, म्हणजे वेल्डिंगच्या झगझगीत ठिणगीची धग, ग्राइंडरचा आवाज किंवा लाकडाचा भुसा नकोसा वाटला, तर ते एका दिवसातही कळतं. डोक्यात कुठल्याच कामाचं नाव नसेल, तर सुरुवात इथूनच करा.

आठवड्याच्या कार्यशाळेत गंमत लवकर संपते आणि तिथून खरी ओळख सुरू होते. वेल्डिंगचंच घ्या. पहिल्या दिवशी रॉड, म्हणजे वितळून सांधा भरणारी कांडी, प्लेटला सारखा चिकटतो. रॉडचं टोक आणि प्लेट यांत साधारण रॉडच्या जाडीइतकं अंतर राखायचं असतं. रॉड जळून आखूड होत जातो, म्हणजे हात खाली आणायचा आणि त्याच वेळी एका चालीनं पुढेही न्यायचा. दोन दिवस नुसते गोळे पडतात. मग कधीतरी स्लॅग, म्हणजे सांध्यावर जमलेलं कडक कवच, ठोकून काढल्यावर खालून एकसारख्या लहरींची रेघ निघते. एका मुलीची अशी रेघ तिसऱ्या दिवशी आली. ती निम्मी चांगली होती, निम्मी भरकटलेली. मी काही बोलायच्या आत तिनं दुसरी प्लेट घेतली आणि काचेचं हेल्मेट खाली ओढलं. बिघडलेलं काम पुन्हा करावंसं वाटतं की नाही, हे असं दिसायला दिवस लागतात. सुतारकामातही तेच: कुसू, म्हणजे जोडासाठी कोरलेलं लाकडाचं टोक, खाचेत केसभर सैल बसलं की तो तुकडा बाजूला ठेवून नवा आखायचा.

या वाटेची उणीवही आहे. आठवडा एकाच कामात जातो, आणि निवड चुकली तर बाकीची कामं पाहायची राहतात.

तिसरी वाट जर्मनभाषक स्वित्झर्लंडमध्ये चांगलीच रुळलेली आहे. तिथे तीन-चार वर्षांची उमेदवारी, म्हणजे कामावर राहून शिकणं, पत्करण्याआधी मुलं काही दिवस त्या कामाच्या जागी जाऊन बघतात. तिला ‘श्नुपरलेअर’ म्हणतात, म्हणजे जवळपास ‘हुंगून पाहणं’. दिवसभर उभं राहणं, गिऱ्हाइकाची घाई, संध्याकाळची झाडलोट हे सगळं इथेच दिसतं, कार्यशाळेत नाही. पण हत्यार हातात कमीच येतं. कामाची घाई असते, आणि धोक्याच्या यंत्रांवर अल्पवयीन मुलांना काम देण्यावर अनेक देशांत कायद्याची बंधनं आहेत. हात काय करू शकतो ते इथे कळणार नाही, दिवस कसा जातो ते कळेल.

नाव नोंदवण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा: एका मशीनवर किती जण? तीन तासांचं सत्र, एक वेल्डिंग सेट आणि बारा मुलं असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला फार तर पंधरा मिनिटं येतात. बाकीचा वेळ बघण्यात जातो. चार जणांत एक सेट असेल, तर तेच पाऊण तास होतात. प्रमाणपत्राची चौकशी नंतर केली तरी चालेल. ओळख करून देणाऱ्या कार्यशाळेचा कागद म्हणजे कामाची पात्रता नव्हे.

जमलं तर चालू सत्र पाहून या. वेल्डिंग बघणाऱ्यांच्याही डोळ्यांवर गडद काच आहे का? आर्ककडे उघड्या डोळ्यांनी पाहिलं, तर त्रास लगेच जाणवत नाही. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं. आणि लेथ, म्हणजे तुकडा फिरवत कापायचं यंत्र, चालू असताना कुणाच्या हातात हातमोजे दिसले, तर तिथे नाव घालू नका. तुकडा धरून फिरणाऱ्या चकमध्ये मोजा अडकला की हात आत ओढला जातो. हे पहिल्या तासाला सांगायचं असतं.

डोक्यात दोन कामं असतील, तर दोन्हींचा एकेक आठवडा करा आणि जे उरेल त्याच्याच वर्कशॉपमध्ये जाऊन थांबा.